स्लाइस घालवणारं उपकरण, लॉन्च मॉनिटर की नवा ड्रायव्हर: आधी काय घ्यावं?

गोल्फबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हँडिकॅप (खेळाच्या दर्जाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) २२ च्या आसपास येऊन अडकलाय, ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) बॉल डावीकडे निघून मग उजवीकडे वळतो, आयर्न (मधल्या अंतरांचे क्लब) कधी फॅट (आधी जमिनीला लागणारे) तर कधी थिन (नुसत्या कडेने बॉलला लागणारे), घरात एक वजनदार स्विंग ट्रेनर आणि एक पटिंग मॅट (बॉल होलकडे घरंगळवायच्या सरावाची) आधीच पडून आहे, आणि आता तीन गोष्टी डोक्यात घोळतायत. हाताला बांधायचं, स्लाइस (बॉलचं असं उजवीकडे वळणं) घालवणारं उपकरण, छोटा लॉन्च मॉनिटर (बॉलचा वेग, अंतर असे आकडे दाखवणारं यंत्र), नाहीतर सरळ नवीन ड्रायव्हर. मी बरीच वर्षं शिकवतोय आणि क्लब फिटिंगही (क्लब खेळणाऱ्याच्या मापाचे करून देणं) करतो, त्यामुळे ही तिन्ही खरेदी लोकांना करताना रोज बघतो. माझं उत्तर विचाराल तर आज यातलं काहीच घेऊ नका. आधी पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे घ्या, तो पांढरा थर सोडणारा, मेडिकलच्या दुकानात मिळतो तो.

ड्रायव्हरच्या फेसवर (बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागावर) तो हलका फवारायचा, बॉल मारायचा आणि बघायचं ठसा कुठे उमटलाय. पुसा, पुन्हा फवारा, पुन्हा मारा. दहाबारा बॉलमध्ये चित्र स्पष्ट होतं. हे मी पहिल्यांदा का सांगतोय, तर तुमच्या वर्णनातला तो "डावीकडे निघून उजवीकडे वळतो" हा भाग. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा असा शॉट बघितला की सगळे एकच निदान करतात, क्लब बाहेरून आत येतोय, आणि बरेचदा ते खरंही असतं. पण ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, हीलपासून (दांड्याकडची बाजू) टोपर्यंत (बाहेरचं टोक) त्याला थोडी गोलाई असते, त्यामुळे बॉल हीलला लागला की तिथला फेस किंचित डावीकडे बघत असतो आणि बॉल डावीकडे निघतो, आणि मग क्लबहेड आघाताने वळल्यामुळे बॉलला उलट बाजूची फिरकी मिळते, ज्याला गिअर इफेक्ट म्हणतात, आणि तो उजवीकडे वळतो. म्हणजे पाथ (क्लब फिरण्याची वाट) बऱ्यापैकी ठीक असताना नुसत्या हीलच्या फटक्याने हुबेहूब "बाहेरून आत" वाला स्लाइस दिसू शकतो! अशा माणसाने पाथ सुधारायचं उपकरण हाताला बांधून महिनोन्महिने घाम गाळला तरी बॉल काही सरळ जायचा नाही, कारण रोग तिथे नाहीच.

ठसे हीलकडे असतील तर एक रिकामा बॉलचा पुठ्ठ्याचा डबा घ्या (तीन बॉल येतात तो), आणि सेटअप घेतल्यावर (क्लब बॉलमागे टेकवून उभं राहिल्यावर) टोच्या बाहेर साधारण दोन बोटं अंतरावर उभा ठेवा. क्लब सेटअपपेक्षा बाहेर फेकला गेला की डबा उडतो. डबा उडवायचा नाही एवढंच डोक्यात ठेवून मारत राहायचं, हात कुठे, कोपर कुठे, काही विचार करायचा नाही. शरीर आपोआप जागा शोधतं. आणि लक्ष शरीराच्या आत न ठेवता बाहेरच्या वस्तूवर किंवा परिणामावर ठेवलं तर कौशल्य चांगलं शिकलं जातं हे गोल्फच्या शॉटवर प्रयोग करूनच दाखवलेलं आहे, ही काही माझी लाडकी थिअरी नाही.

ठसे मधोमध असतील तर मग फेस आणि पाथकडे वळा. त्यासाठी अलाइनमेंट स्टिक (दिशा दाखवणारी बारीक दांडी) पुरते. बॉलपासून चारपाच पावलं पुढे, बरोब्बर टार्गेटच्या रेषेत ती जमिनीत उभी खोचा आणि बॉल कुठल्या बाजूने निघतो ते बघा. बॉल सुरुवातीला ज्या दिशेला निघतो ती मुख्यतः फेसची दिशा असते, ड्रायव्हरला साधारण ८० टक्क्यांहून जास्त, आयर्नला त्याहून जरा कमी. आणि वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. म्हणजे डावीकडे निघून उजवीकडे वळला तर फेस टार्गेटच्या डावीकडेच होता, पण पाथ त्याहूनही डावीकडे. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे गेला तर फेस उघडा आहे, इथे पहिल्यांदा ग्रिप (क्लबवरची हातांची पकड) बघायची. दोन्हीला लोक स्लाइसच म्हणतात, पण औषधं वेगळी आहेत, आणि "स्लाइस घालवा" असं लिहिलेलं एकच उपकरण दोन्हींवर चालेल असं समजणं चूक. तुमचा पहिला प्रकार असेल तर दुसरी एक स्टिक बॉलच्या मागे, टार्गेटच्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला तिरकी खोचून (क्लब बाहेरून आला तर लागेल अशी, वर फोमची नळी चढवून) सावकाश अर्ध्या स्विंगने मारायला सुरुवात करा. अर्ध्या म्हणजे खरंच अर्ध्या. पूर्ण जोरात फायबरग्लासच्या दांडीवर क्लब आदळला तर क्लबही जातो आणि मनगटही.

आता ट्रेनिंग एड्सबद्दल, म्हणजे सरावाच्या उपकरणांबद्दल, जरा मुळातून बोलू. माझ्या हिशोबात ते दोनच प्रकारचे असतात. एक सांगणारे, एक धरून ठेवणारे. स्प्रे, अलाइनमेंट स्टिक, पटिंगचं गेट, आरसा, मोबाईलचा व्हिडिओ, लॉन्च मॉनिटर, हे सगळे सांगतात: आत्ता जे केलंस ते असं झालं. आणि हाताला बांधायचे पट्टे, मनगट लॉक करणारे ब्रेस, दोन्ही हातांना जोडणारे इलॅस्टिक, प्लेनवरून (स्विंगच्या तिरक्या पातळीवरून) फिरवणाऱ्या रिंगा, हे धरून ठेवतात. गुरुजी हात धरून अक्षर गिरवून घेतात तसं, हात धरलाय तोवर "अ" सुरेख येतो. धरणारे वाईट असतात असं नाही. जी हालचाल तुम्ही आयुष्यात कधी केलेलीच नाही ती कशी लागते हे दहा मिनिटांत कळतं, आणि ते शब्दांनी समजावायला मला तासभर लागेल. पण त्यांच्यासकट शंभर बॉल मारले की अडचण सुरू होते, कारण शरीर त्या आधारासकटच शिकतं. हालचाली कशा शिकल्या जातात याचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये ही गोष्ट १९८० च्या दशकापासून मान्य आहे, प्रत्येक प्रयत्नाला मदत किंवा फीडबॅक दिला तर सराव करताना कामगिरी छान दिसते आणि मदत काढली की घसरते.

म्हणून धरणारं उपकरण वापरायचंच असेल तर प्रमाण असं ठेवा: दोन स्विंग त्याच्यासकट बॉलशिवाय, मग ते काढून तीन बॉल. पुन्हा दोन, पुन्हा तीन. काढायला घालायला कटकटीचं असेल तर लोक काढतच नाहीत, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुठलंही उपकरण हातात घेतलं की पहिल्यांदा त्याचा पट्टा किती पटकन सुटतो ते बघतो. हसू नका, खरंच महत्त्वाचं आहे ते.

आणि उपकरण चालतंय का हे ओळखायचं कसं, तर घालून मारलेल्या बॉलवरून अजिबात नाही. वापरायला सुरू करण्याआधी त्याच्याशिवाय एक सेट मारा आणि लिहून ठेवा, समजा १५ बॉलपैकी किती ठरवलेल्या पट्ट्यात पडले, किती ठसे मधोमध. मग दोनतीन आठवडे वापरा. मग दोन दिवस उपकरणाला हातही लावू नका आणि तिसऱ्या दिवशी, वॉर्मअपला न घालता, तोच सेट पुन्हा मारा. त्याच दिवशी, उपकरण काढल्या काढल्या घेतलेल्या टेस्टला काही किंमत नाही, तेव्हा सगळंच छान वाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदला हेही आलंच, नाहीतर नवीन ग्रिप, नवीन उपकरण आणि नवीन कोच एकाच महिन्यात आणले तर फरक कशाने पडला हे कळणार कसं.

आयर्नचं फॅट आणि थिन. हे दोन वेगळे आजार वाटतात पण बहुतेक वेळा एकच असतो, स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो, मग कधी जमीन आधी लागते तर कधी तिथून वर येता येता क्लबची खालची कड बॉलला लागते. आणि इथे रेंजची (सरावाच्या मैदानाची) मॅट तुमचा विश्वासघात करते. बॉलच्या मागे तीनचार सेंटिमीटर क्लब पडला तर गवतात तो रुततो, मॅटवर तो घसरून पुढे जातो आणि बॉल मस्त उडतो. तुम्ही खूश. कोर्सवर गेलात की तोच स्विंग बॉल अर्ध्या वाटेत टाकतो आणि मग "रेंजवर तर छान लागत होतं" सुरू. शिवाय कडक मॅटवर रोज भरपूर आयर्न मारणाऱ्यांचे कोपर आणि मनगट दुखतात ते वेगळंच.

यावर सगळ्यात उत्तम साधन फुकट आहे. प्रॅक्टिस बंकरमध्ये वाळूत क्लबने एक सरळ रेघ ओढा, स्टान्सच्या (दोन पायांच्या) मधोमध, बॉल नाही, आणि स्विंग करा. वाळू रेघेवर किंवा रेघेच्या पुढे उडाली पाहिजे. रेघेवरून पुढे सरकत दहा स्विंग केले की दहा खुणा समोर दिसतात, त्यात वाद घालायला जागाच नाही. (नंतर रेक फिरवा हो, तशीच सोडून जाऊ नका.) मॅटवरच मारावं लागत असेल तर घडी केलेला टॉवेल बॉलच्या मागे साधारण १० सेंटिमीटरवर ठेवा, टॉवेल न लागता बॉल लागला पाहिजे. फार जवळ ठेवू नका, चांगला स्विंगही त्यात अडकेल, आणि ड्रायव्हरला तर हा ड्रिल करूच नका, तिथे क्लब वर येताना लागलेलाच चांगला. मारलेली खूण दाखवणारे मखमली बोर्ड मिळतात तेही सांगणाऱ्यांपैकी, चांगले आहेत, घरात बॉल न मारता वापरता येतात. इम्पॅक्ट बॅगबद्दल (क्लब आदळायच्या पिशवीबद्दल) मी फार उत्साही नाही, इम्पॅक्टला शरीर कसं असावं हे थांबून बघायला ठीक, पण लोक तिच्यावर राग काढतात.

पटिंगकडे येऊ, कारण घरातल्या पडलेल्या सामानातली मॅट ही खरंतर तुमची सगळ्यात कामाची वस्तू आहे, फक्त ती कशासाठी वापरायची ते कुणी सांगितलेलं नसतं. मॅट वेग शिकवत नाही. प्रत्येक ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा) वेग वेगळा, म्हणून तर स्टिम्पमीटर नावाची ३६ इंची पन्हळ असते, जिच्यावरून बॉल सोडून तो किती फूट जातो ते मोजतात, आणि घरातल्या मॅटचा तुमच्या कोर्सच्या ग्रीनशी मेळ बसेलच असं नाही. मॅट शिकवते ती सुरुवातीची रेषा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४. तीन मीटरच्या सरळ पटला बॉल एक अंशाने चुकीच्या दिशेला निघाला तर होलपाशी तो ५२ मिलिमीटर बाजूला असतो, म्हणजे वेग बेताचा असेल तर जेमतेम कडेने पडेल. एका अंशात खेळ खलास! आणि पटमध्ये बॉलची सुरुवातीची दिशा जवळजवळ पूर्णपणे फेस ठरवतो, पाथचा वाटा फारच थोडा, त्यामुळे पटर सरळ मागे सरळ पुढे नेणाऱ्या रुळांवर मी कुणाला पैसे घालायला सांगत नाही.

त्याऐवजी गेट करा. बॉलच्या पुढे ४५ सेंटिमीटरवर दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या), ग्रीनवर असाल तर, घरी असाल तर दोन जड बाटल्या, मध्ये ५८ मिलिमीटर जागा. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, बॉल कमीत कमी ४२.६७ मिलिमीटरचा असतो आणि एक अंशाची चूक ४५ सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना जेमतेम आठ आठ मिलिमीटर होते. म्हणजे न लागता गेटमधून गेला तर तीन मीटरचा सरळ पट दिशेच्या बाबतीत पास. सुरुवातीला गेट ६५ चं ठेवा, नाहीतर वैताग येईल, मग कमी करत न्या. टायगर वुड्सचा प्रसिद्ध ड्रिल म्हणजे पटरच्या हेडच्या दोन्ही बाजूंना टी लावून एका हाताने पट मारणं, तोही याच जातीचा, फक्त तो बॉल फेसच्या मधोमध लागतोय का ते सांगतो. मॅटच्या टोकाला चढाचं छोटं रॅम्प असतं, बॉल चांगला गेला तर परत पाठवणारं, ते मजेशीर आहे आणि मुलंही खेळतात, चालू द्या. आरसा डोळे आणि खांदे कुठे आहेत ते दाखवतो, आठवड्यातून पाच मिनिटं पुरे. आणि अपेक्षा जरा जमिनीवर ठेवा, पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले) खेळाडूही ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट पाडतात.

वजनदार ट्रेनर, लवचिक दांड्याचा आणि टोकाला गोळा असलेला असेल असं धरतो. हा लय शिकवतो. घाई केली की दांडा मागे लोंबकळतो आणि तोल जातो, हे तो लगेच सांगतो, म्हणून सकाळी दहाबारा सावकाश स्विंग अंग मोकळं करायला मी स्वतः वापरतो. त्याने क्लबहेडचा वेग वाढेल म्हणून घेतला असेल तर त्या कामासाठी तो नाही. वेगासाठी ड्रायव्हरपेक्षा हलक्या आणि थोड्या जड दांड्यांचे सेट येतात, त्यांच्याने वेग वाढलेले लोक मी बघितलेत, पण तिथे दोन अटी आहेत. एक, वेग मोजणारा रडार समोर हवा, नाहीतर जोर लावतोय की नुसतं धापा टाकतोय ते कळत नाही. दोन, पाठ आणि कंबर धडधाकट हवी. आणि २२ हँडिकॅपला फेसवर बॉल कुठे लागतोय ते आधी, वेग नंतर. हीलला लागलेला बॉल जास्त वेगाने मारला तर तो जास्त दूर झाडीत जातो एवढंच.

लॉन्च मॉनिटर. घ्यायला हरकत नाही, फक्त त्यात काय बघायचं ते ठरवून घ्या. दोन प्रकार, रडारवाले आणि कॅमेरावाले. रडार बहुतेक खेळणाऱ्याच्या मागे ठेवतात आणि बॉल जितका जास्त उडताना दिसेल तितका तो अचूक, त्यामुळे घरात जाळी लावून मारणार असाल आणि बॉल तीन मीटरवर अडणार असेल तर कॅमेरावाला बरा. स्वस्त मशीन काही आकडे मोजतं आणि काही अंदाजाने काढतं, स्पिन आणि क्लब पाथ हे त्यातले नेहमीचे, आणि स्क्रीनवर दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने दिसतात. तुम्ही बॉलचा वेग, कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर) आणि असेल तर सुरुवातीची दिशा, एवढंच बघा. स्मॅश फॅक्टर म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग, ड्रायव्हरला १.५० च्या आसपास कमाल, कारण फेसच्या उसळीवर नियमांचीच मर्यादा आहे. तुमचा १.३५ आणि १.४८ मध्ये उड्या मारत असेल तर पुन्हा स्प्रे काढा. रेंजचे बॉल बरेचदा कमी जाणारे असतात, त्यामुळे तिथल्या कॅरीवरून क्लब निवडायला जाऊ नका.

मॉनिटरचा खरा फायदा मला विचाराल तर स्विंग सुधारणं हा नाहीच, प्रत्येक क्लबचा स्वतःचा खरा कॅरी कळणं हा आहे. कोर्सच्याच बॉलने प्रत्येक आयर्नचे दहा मारा, सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात आखूड दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी कागदावर लिहा. बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपण सेव्हन आयर्नचं अंतर म्हणून जे सांगतो ते कधीतरी एकदा लागलेलं असतं, आणि म्हणून ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये आपलं नेहमीचं येणंजाणं असतं.

आणि नवा ड्रायव्हर. मधोमध लागलेल्या बॉलला सगळ्या आधुनिक ड्रायव्हरांमध्ये फरक थोडाच, उसळीच्या त्याच मर्यादेमुळे. फरक पडतो तो चुकलेल्या फटक्यांत, लांबीत, लॉफ्टमध्ये (फेसचा मागे झुकलेला कोन) आणि शाफ्टमध्ये (दांडा). खरेदीआधी एक फुकटची चाचणी, सध्याचाच ड्रायव्हर ग्रिपवर एक इंच खाली धरून स्प्रे मारून खेळा. ठसे एकत्र आले तर तुम्हाला नवीन ड्रायव्हर नको, आखूड शाफ्ट हवा, तयार मिळणारे बरेचसे ४५ इंचांच्या वर असतात आणि ते सगळ्यांना झेपत नाही. हेड फिरवून लॉफ्ट बदलता येत असेल तर एक दीड अंश वाढवून बघा, बहुतेक हेडमध्ये लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंदही होतो आणि स्लाइसवाल्याला दोन्ही गोष्टी मदत करतात. तरीही ट्राय करायला गेलात तर स्वतःचा ड्रायव्हर घेऊन जा, तीन बॉल नव्याने तीन जुन्याने असे आलटून पालटून मारा, आणि विकणारा सगळ्यात लांबचा आकडा दाखवेल तेव्हा तुम्ही सगळ्यात वाईट तीन कुठे गेले ते विचारा. नुसता नवा सलग पंधरावीस वेळा मारला तर अंग गरम झालेलं असतं, आकडे वाढणारच.

आयर्नच्या बाबतीत मात्र फिटिंगला मी ड्रायव्हरच्या आधी पाठवेन, लाय अँगलसाठी (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन). लाय जास्त उभा असेल तर बॉल डावीकडे ओढला जातो, जास्त आडवा असेल तर उजवीकडे, आणि लॉफ्ट जितका जास्त तितका परिणाम मोठा, म्हणजे वेजमध्ये (जास्त लॉफ्टचे, जवळच्या फटक्यांचे क्लब) सगळ्यात जास्त. बॉलच्या मागच्या बाजूला मार्करने उभी रेघ काढा, ती फेसकडे येईल असा बॉल ठेवून मारा, रेघ फेसवर उमटते. सरळ उभी उमटली तर लाय ठीक, सतत एकाच बाजूला तिरकी उमटत असेल तर फिटरकडे जा, बरेच आयर्न एकदोन अंश वाकवता येतात आणि नव्या सेटच्या मानाने ते काहीच खर्चाचं नाही.

शेवटी नियमांचं, कारण यात लोक सापडतात. यातलं बहुतेक सगळं राउंडच्या आधी चालतं, राउंडमध्ये नाही. नियम ४.३ प्रमाणे राउंड चालू असताना अलाइनमेंट स्टिक, क्लबवर चढवायची वजनी रिंग, वजनदार हेडकव्हर, अशा कुठल्याही ट्रेनिंग एडचा स्विंगच्या तयारीसाठी वापर केला की स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तो प्रकार) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा प्रकार) होल गेला, आणि दुसऱ्यांदा केलं तर बाद. स्टिक बॅगेत नुसती पडलेली असली तर काही होत नाही, बाहेर काढून पायापाशी ठेवली की होतं. ॲडजस्ट होणारा ड्रायव्हर राउंडच्या मध्ये पाना काढून फिरवता येत नाही. अंतर मोजायचं यंत्र चालतं, पण स्थानिक नियमाने बंदी असू शकते म्हणून स्कोअरकार्डच्या मागे वाचा, आणि चढउतार धरून अंतर सांगणारा मोड बंद करूनच पहिल्या टीवर जा.